मोड, उकिरडा आणि नकार

टाकून दिलेल्या वस्तूंना मराठीत एकच एक नाव नाही. घरातून झाडून काढला तो केर, परसात साठला तो उकिरडा, कागदांची रद्दी, लोखंडाचे भंगार आणि तांब्यापितळेची मोड. यांतील बहुतेक शब्दांत ती वस्तू पुढे कोठे जाणार याची सूचना आहे. उकिरडा शेतात जातो, रद्दी दुकानात जाते, मोड कारागिराकडे परत जाते. 'घनकचरा' हा नगरपालिकांच्या कागदपत्रांतून आलेला शब्द मात्र कोठेच जात नाही. त्याने वरील सर्व नावे एका ढिगात लोटली आणि त्यांच्या निरनिराळ्या वाटा पुसून टाकल्या. 'ई-कचरा' हा त्या ढिगातील सर्वांत धाकटा शब्द.

ओला कचरा सर्वांत जुना आणि ई-कचरा सर्वांत नवा. या दोहोंची व्यवस्था लावणाऱ्या संस्था आपल्याकडे कशा घडल्या, हे येथे थोडे तपासून पाहण्याचा आमचा विचार आहे. या संस्थांच्या इतिहासाकडे सामान्यतः तंत्रज्ञानाचा किंवा कायद्याचा इतिहास म्हणून पाहिले जाते. आम्हांस मात्र त्यात वारंवार दिसते ती निराळीच गोष्ट : कचऱ्याची व्यवस्था बदलते ती बहुधा कोणीतरी तो उचलण्यास, सोसण्यास किंवा त्यावाचून उपाशी राहण्यास नकार देतो तेव्हा.

प्रारंभ एका गावाच्या नावापासून करू. बीड जिल्ह्यात सिंदफणेच्या काठी शिरूर आहे. महाराष्ट्रात शिरुरे अनेक : पुणे जिल्ह्यातील घोडनदीचे शिरूर, लातूर जिल्ह्यातील शिरूर ताजबंद आणि शिरूर अनंतपाळ. बीडचे शिरूर ओळखले जाते ते 'कासार' या शब्दाने. कासार म्हणजे पितळ-काशाची भांडी आणि बांगड्या यांचा व्यवसाय करणारा. गावाच्या नावाला हा शब्द जोडलेला पाहिला की एका विस्मृत व्यवहाराची आठवण होते. फुटका हंडा, चेपलेली घागर, झिजलेले ताट कासाराच्या किंवा तांबटाच्या दुकानी जाई. त्याचे वजन होई, मोडीचा भाव लागे आणि वरची घडणावळ मोजून नवे भांडे घरी येई. धातू गावाबाहेर फेकला जात नसे, कारण तो फेकणे म्हणजे पैसा फेकणे होते. 'मोडीत काढणे' या वाक्प्रचाराचा अर्थ आज आपण 'निकामी ठरवून टाकून देणे' असा करतो. मूळ व्यवहारात ते नव्या भांड्याकडे टाकलेले पहिले पाऊल होते. ज्याने वस्तू विकली त्यानेच ती परत घ्यावी, या तत्त्वाला आजचे पर्यावरण-कायदे 'उत्पादकाची विस्तारित जबाबदारी' असे भारदस्त नाव देतात. कासाराला त्यासाठी अधिसूचनेची गरज पडली नाही. मोडीला भाव होता, एवढे पुरेसे होते.

उकिरड्याचेही तसेच. शेण, चाऱ्याचे उष्टे, चुलीची राख, भाजीची देठे वर्षभर साठत आणि पेरणीपूर्वी गाडीने शेतात जात. उकिरड्याचीदेखील बारा वर्षांनी दैना फिटते, असे आपली म्हण सांगते. शेतकऱ्याचा उकिरडा मात्र दरसाल फिटत असे.

इथपर्यंतचे चित्र रम्य आहे, आणि म्हणूनच येथे थांबणे धोक्याचे आहे. 'आपल्या पूर्वजांकडे कचराच नव्हता' हे वाक्य हल्ली व्याख्यानांतून पुष्कळदा कानी पडते. गावात ज्याला भाव होता त्याची व्यवस्था बाजार करी. ज्याला भाव नव्हता आणि ज्याची घाण होती, त्याची व्यवस्था जात करी. मेलेले जनावर ओढणे हे महारांचे बंधन होते. मैला उचलणाऱ्यांची गोष्ट तर त्याहून कठोर. ज्या गावगाड्याच्या स्वच्छतेचे आपण कौतुक करतो, तो या सक्तीवर चालत होता. १९२७ च्या मार्च महिन्यात महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या लोकांना मेलेली गुरे ओढणे आणि त्यांचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. महाड आपण चवदार तळ्याच्या पाण्यासाठी स्मरतो आणि ते योग्यच आहे. परंतु कचऱ्याच्या इतिहासातही महाडचे स्थान पहिल्या पंक्तीचे आहे. गावाची घाण फुकट आणि जन्माने वाहण्यास तेथे जाहीर नकार देण्यात आला. ज्या वतनाशी ही कामे बांधलेली होती त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने रद्द होण्यास मात्र १९५८ साल उजाडले.

या नकाराचे उत्तर दोन दिशांनी शोधले गेले. एक दिशा घाणीचे काम माणसाच्या हातून काढून घेण्याची, दुसरी घाणीला पुन्हा मोल मिळवून देण्याची. कोकणातील अप्पासाहेब पटवर्धनांनी दोन्ही एकत्र आणल्या. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपल्यालाही मिळावे म्हणून त्यांनी उपोषण आरंभिले. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात मैल्यापासून निर्धोक खत करण्याचे प्रयोग चालविले. त्यांची प्रेरणा घेऊन देहू येथे डॉ. सुहास मापुसकर या वैद्यकाने शौचालयांना जोडलेली बायोगॅस संयंत्रे उभी करण्यात आयुष्य वेचले. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

शास्त्राच्या बाजूनेही काम होत होते. इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची पद्धत बसविली आणि १९३१ मध्ये तीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. शेण, काडीकचरा, मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, ओलावा राखायचा आणि तीन महिन्यांत तीनदा ढीग उलथायचा, हे या 'इंदूर पद्धती'चे सार. जगभरच्या सेंद्रिय शेतीच्या चळवळीने हॉवर्डना आपले आद्यपुरुष मानले. सहलेखक वाडांचे नाव मात्र मागे राहिले. अलीकडच्या काळात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने शेणाऐवजी खरकट्यावर चालणारे घरगुती बायोगॅस संयंत्र तयार केले. त्याला २००६ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' संयंत्र विकसित केले. म्हणजे ओल्या कचऱ्याचे काय करावे, हे महाराष्ट्राला ठाऊक नव्हते असे मुळीच म्हणता येणार नाही.

मग शहरे कचऱ्याखाली का दबली? आमच्या मते, ज्ञान होते पण ते वापरण्याची निकड नव्हती. प्रक्रियेपेक्षा हद्दीबाहेर नेऊन टाकणे स्वस्त होते, आणि हद्दीबाहेरचे लोक गप्प होते. १९७० च्या दशकात मोठ्या शहरांत यांत्रिक खतकारखाने काढण्यात आले, त्यांतील बहुतेक बंद पडले. कारण त्यांत येणारा कचरा वेगळा केलेलाच नसे, आणि काचा-प्लास्टिक मिसळलेले खत शेतकरी घेईना. हाही एक मुका नकारच होता. तो ऐकला गेला नाही.

मोठ्याने दिलेला नकार मराठवाड्यात ऐकू आला तो २०१८ मध्ये. तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर शहराचा कचरा वर्षानुवर्षे नारेगाव येथे टाकला जात होता. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत नारेगाव-मांडकी परिसरातील ग्रामस्थांनी गाड्या अडविल्या. उच्च न्यायालयाच्या खंडपीठानेही तेथे कचरा टाकण्यास मनाई केली. शहराच्या रस्त्यांवर ढीग साचले. ७ मार्च रोजी मिटमिटा येथे कचरा नेण्याच्या प्रयत्नात पोलीस आणि ग्रामस्थ यांची चकमक झाली. पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर जावे लागले, महापालिका आयुक्तांची बदली झाली. त्यानंतर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल येथे प्रक्रिया केंद्रे आणि कांचनवाडीला ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करणारा प्रकल्प आकारास आला. घनकचऱ्याचे नियम २००० मध्येच झाले होते, २०१६ मध्ये ते नव्याने लिहिले गेले होते. ते कागदावरून जमिनीवर आले ते नारेगावच्या माणसांनी रस्त्यात उभे राहून नाही म्हटले तेव्हा.

पुण्याची कथा याच सूत्राची दुसरी बाजू दाखवते. तेथे १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. कचरावेचक स्त्रियांनी कचरा नाकारला नाही. कचऱ्यावरचा आपला हक्क हिरावून घेतला जाण्यास नकार दिला. आम्ही भिकारी नाही, कामगार आहोत, हा त्यांचा दावा होता. त्यातून पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी करार केला. घरोघरी जाऊन कचरा घेण्याबद्दल शुल्क आणि सुक्या मालाच्या विक्रीचे उत्पन्न, अशी दुहेरी रचना तीत आहे. मोडीला भाव देणारा कासाराचा व्यवहार आणि श्रमाला मोल मागणारा महाडचा आग्रह येथे प्रथमच एका संस्थेत भेटले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

आता ई-कचऱ्याकडे वळू. येथे आपले सूत्र अडखळते. ओला कचरा दोन दिवसांत कुजतो, वास सुटतो, माश्या घोंगावतात, आणि कोणाला तरी नाही म्हणणे भाग पडते. बंद पडलेला मोबाईल कपाटात दहा वर्षे निमूट पडून राहतो. त्याला दुर्गंध नाही, म्हणून त्याला विरोध नाही. त्याची घाण प्रकट होते ती दूर कोठेतरी, तारा जाळून तांबे काढताना किंवा मुद्रित पट्ट्या आम्लात बुडवून सोने काढताना. उत्तर प्रदेशातील मुरादाबाद हे पितळेचे शहर. पितळकामाला उतरती कळा लागल्यावर तेथील अनेक हात याच कामाकडे वळले. रामगंगेच्या काठावर काळ्या राखेचे थर साचले आणि २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित अधिकरणाला तेथे ई-कचरा टाकणाऱ्यांवर दंड बसवावा लागला. पितळ घडविणाऱ्यांचे शहर मोडीच्या या नव्या रूपाने काळवंडावे, यापरते विपरीत काय असेल?

विरोध करणारा कोणी दिसत नसल्यामुळे येथे कायद्यालाच तो बोलावा लागला. ई-कचऱ्याचे स्वतंत्र नियम २०११ मध्ये झाले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले. प्रथमच उत्पादकावर जबाबदारी आली. २०१६ च्या नियमांनी तिला संकलनाची उद्दिष्टे जोडली. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या २०२२ च्या नियमांत उपकरणांचे प्रकार २१ वरून १०६ झाले, आणि नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडून उत्पादकाने प्रमाणपत्रे विकत घ्यावीत अशी रचना आली. तांबे, लोखंड, अ‍ॅल्युमिनियम आणि सोने यांच्या हिशेबावर ती प्रमाणपत्रे ठरतात. मोडीचा भाव परत आला, पण तो आता संगणकावरच्या खात्यात. नोंदणी राहिली ती निर्माता, उत्पादक, दुरुस्तीकर्ता आणि पुनर्चक्रणकर्ता या चौघांचीच. आधीच्या नियमांतील संकलन केंद्रे आणि सुटे भाग करणारे या यादीतून गळाले. गावोगाव फिरणारा भंगारवाला तर तीत कधीच नव्हता. जगाच्या पातळीवरही चित्र फार निराळे नाही : संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला, आणि रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे ती २२.३ टक्क्यांची.

याच नियमावलीत एक शब्द आहे जो आम्हांस फार बोलका वाटतो. ज्या वस्तूवर कोणत्या कंपनीचे नाव नाही, जी कोणी जुळवून बनविली किंवा जिचा उत्पादक आता उरला नाही, तिला नियम 'अनाथ' म्हणतात, आणि अशा वस्तू गोळा करून योग्य ठिकाणी पोचविण्याचे काम नागरी स्थानिक संस्थेवर सोपवितात.

येथे आपण पुन्हा सिंदफणेच्या काठी येतो. शिरूर कासार १९९९ मध्ये तालुका झाले. तालुक्याच्या ठिकाणी नगरपंचायती स्थापण्याच्या राज्याच्या धोरणातून तेथे नगरपंचायतही आली. म्हणजे नियमांच्या भाषेत ती अनाथांची पालक झाली. बीड जिल्ह्यातील हजारो माणसे दरवर्षी सहा-सहा महिने ऊसतोडीला जातात. त्यांचा घराशी दुवा मोबाईलचा. स्वस्त, दुरुस्त केलेली, नाव पुसलेली उपकरणे अशा भागात अधिक येतात आणि लवकर मरतात. ओल्या कचऱ्याचा प्रश्न अशा गावाला सुटण्यासारखा आहे : शेत वेशीपाशीच आहे, अवर्षणाच्या जमिनीला सेंद्रिय खताची भूक आहे, वेगळा केलेला उकिरडा नाकारण्याचे शेतकऱ्याला कारण नाही. वेंगुर्ल्यासारख्या लहान नगरपरिषदेने वर्गीकरणाच्या बळावर आपल्या कचराभूमीचे पाहण्याजोगे स्थळ करून दाखविले आहे. मेलेल्या मोबाईलसाठी मात्र वेशीपाशी कोणी नाही. तो उचलतो तो भंगारवालाच, आणि कायद्याच्या यादीत तो नाही.

इतिहासाकडून काही शिकायचे असेल तर ते एवढेच. कासाराच्या काळी मोड फिरत राहिली, कारण ती परत घेणारा माणूस दारात होता, गावाला ठाऊक होता आणि त्याच्या व्यवहाराला मान होता. प्रमाणपत्रांच्या बाजारात हा माणूस हरवला आहे. भंगारवाल्याला नोंद, हातमोजे आणि रास्त भाव देऊन नगरपंचायतीच्या दाराशी उभे करणे हे काम पुण्याच्या कचरावेचक स्त्रियांनी दाखविलेल्या वाटेने होऊ शकते. ते न झाले तर ई-कचऱ्याला नकार देणारा पहिला माणूस कोणी तरी दूरच्या नदीकाठचा असेल, आणि तो धुराने खोकत असल्यामुळे त्याचा आवाज आपल्यापर्यंत पोचणार नाही.