टक्का कशातला? : अनुशेषाच्या तक्त्याची कुळकथा

छत्रपती संभाजीनगरात विकासावरचं भाषण असो की अग्रलेख, ‘अनुशेष’ आल्याशिवाय तो पुरा होत नाही. या हिशेबाचं मूळ १९५३ च्या नागपूर करारात आहे. प्रदेशांना खर्चाचा वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात मिळावा आणि मराठवाड्याकडे खास लक्ष द्यावं, असं त्यात ठरलं. १९५६ मध्ये घटनेच्या ३७१(२) कलमात विकास मंडळांची तरतूद झाली. १९७४ मध्ये मराठवाड्यातले विद्यार्थी विकासासाठी रस्त्यावर उतरले. तरी कोण किती मागे, हे मोजायची रीत ठरलेली नव्हती.

ती घालून दिली अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या समितीनं. १९८३ मध्ये नेमलेल्या या समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी धरायची. जो जिल्हा तिच्याखाली, त्याला तिथवर आणायचा खर्च म्हणजे त्याचा अनुशेष. बेरीज झाली ३,१८६.७८ कोटी रुपये. त्यात विदर्भ ३९.१२ टक्के, उर्वरित महाराष्ट्र ३७.३२ आणि मराठवाडा २३.५६.

वरवर पाहता मराठवाड्याची तक्रारच खोटी ठरते, कारण त्याचा आकडा सर्वांत लहान. पण १९८१ च्या जनगणनेत राज्याची जेमतेम साडेपंधरा टक्के वस्ती मराठवाड्यात होती, तर उर्वरित महाराष्ट्रात साठ टक्क्यांहून जास्त. म्हणजे अनुशेषातला मराठवाड्याचा वाटा लोकसंख्येतल्या वाट्याच्या दीडपट, आणि उर्वरित महाराष्ट्राचा त्याच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. नागपूर करारातलं लोकसंख्येचं माप शेजारी ठेवल्यावरच दांडेकरांचा तक्ता नीट वाचता येतो.

उर्वरित महाराष्ट्राचा आकडा फुगलेला दिसतो तो एककामुळे. मोजणी जिल्हावार होती. तिथल्या मागास जिल्ह्यांची तूट पुढारलेल्या शेजाऱ्यांच्या आघाडीतून वजा झाली नाही. प्रदेश हे एकक धरलं असतं, तर ती तूट प्रदेशाच्या सरासरीत बुडाली असती.

१९९४ मध्ये विकास मंडळं आली आणि मराठवाड्याचं मंडळ याच शहरात बसलं. त्यानंतरच्या निर्देशांक व अनुशेष समितीनं एकूण अनुशेष सुमारे चौदा हजार कोटींवर नेला. दहा वर्षांत दर वाढले होते, तेव्हा मागासपण चौपट झालं असं यावरून म्हणता येत नाही. २०१३ च्या केळकर समितीच्या अहवालानं तालुका हे एकक पुढे आणलं. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांनी जिल्ह्याची सरासरी चढली, तरी सोयगावची तूट सोयगावच्याच नावावर राहावी, तर तालुकाच मोजायला हवा.