सुधारणा आणि सबुरी

सुधारणा हवी की नको, हा वाद आपल्याकडे पुष्कळ रंगतो. परंतु हवीशी वाटणारी सुधारणा आजच अमलात आणावी की काही काळ थांबावे, या प्रश्नाचा विचार आम्ही क्वचितच करतो. भाषेच्या इतिहासात मात्र हाच प्रश्न अधिक बिकट ठरला आहे.

दाखला घरचाच घेऊ. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी १९१० साली औंध संस्थानात वसली. तेथून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढले. पुढे त्याचेच 'किर्लोस्कर' मासिक झाले. इकडे रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालविली होती. इ, ई, उ, ऊ ही स्वतंत्र अक्षरे सोडून अि, अी, अु, अू अशी 'अ'चीच बाराखडी करावी, म्हणजे छापखान्याचे खिळे कमी लागतील, हा तिचा एक मुद्दा. 'किर्लोस्कर'ने ही बाराखडी आपल्या पानांवर चालवून पाहिली. ती रूढ झाली नाही. पण मासिक घेण्याची सक्ती कोणावर नव्हती, म्हणून प्रयोग फसला तरी कोणाचे नुकसान झाले नाही.

१९५३ साली लखनौच्या परिषदेने मात्र ऱ्हस्व वेलांटीही अक्षराच्या उजवीकडे द्यावी, असे ठरविले. यंत्राला ते सोयीचे होते. पण दीर्घ वेलांटीपासून ती ओळखायची ती केवळ आखूड दांड्यावरून! १९५७ साली हा निर्णय फिरवावा लागला. अशा घाईची किंमत ठराव करणारे देत नाहीत. एक वळण गिरवून पुन्हा दुसरे गिरविणारे मूल ती देते.

मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे चौदा नियम केले. उच्चारात नसलेल्या अनुस्वारांवर कित्येक वर्षे वाद झाल्यावर ते गेले. आणखी चार नियम आले ते १९७२ साली.

यंत्राच्या भाषांनाही हे चुकलेले नाही. 'सी प्लस प्लस' या संगणकभाषेत, एखाद्या साच्यात कोणता माल चालेल हे आधीच लिहून ठेवण्याची सोय व्हायची होती. सामान्य कारागिराला ती झेपेल का, यावर जाणत्यांतच मतभेद झाले. २००९ च्या जुलैत फ्रँकफुर्टच्या बैठकीत ती वगळण्यात आली. भाषेची नवी आवृत्ती २०११ साली तिच्यावाचून निघाली, आणि ती सोय, पुष्कळ सुटसुटीत होऊन, २०२० च्या आवृत्तीत आली.

मग थांबणे केव्हाही शहाणपणाचेच काय? तसे नव्हे. काय तपासायचे आणि कोणी, हे न ठरविता पुढे ढकललेला ठराव म्हणजे सभ्य शब्दांतला नकारच होय. आमच्या सातारा-सांगलीचा शेतकरी पेरणीसाठी वापशाची वाट पाहतो; पण तेवढ्या दिवसांत पाभर दुरुस्त करून ठेवतो. सबुरी म्हणतात ती हीच.