टिळकांनी पगार सोडला

मिशनचा उपदेशक बोलू लागला की गावात कुजबुज व्हायची, ‘पगारासाठी बोलतोय!’ कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षे पगारी सेवा केली. आता पगार घेणारा तेवढा ढोंगी, असे नाही बरं का. आपले मास्तरही पगार घेतातच. पण भजन आणि भाकरी एकाच गाठीत बांधली, की ऐकणाऱ्याला संशय येतो, आणि बोलणाऱ्यालाही स्वतःचे मन नीट उमगत नाही. १९१७ साली टिळकांनी ती गाठ आपण होऊन सोडली. घरी लक्ष्मीबाई होत्या, संसार होता. तरी पगार नाकारला. साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही जागा होती. पुढे दोनच वर्षांनी, १९१९ साली, ते वारले.