सुरतेच्या वाटेने आलेले बिशप



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे स्मरण करून मी विषयाला आरंभ करतो. सुरत म्हटले की मराठी मनापुढे १६६४ आणि १६७० ही दोन वर्षे उभी राहतात. आपण मात्र याच शहरात राहतो, शिकतो, उदरनिर्वाह करतो. त्यामुळे या शहराचा इतिहास त्या दोन स्वाऱ्यांपलीकडेही जाणून घेणे हे आपले कर्तव्य ठरते. म्हणून आज मी एक आडवाटेचा विषय निवडला आहे : सुरत आणि ख्रिस्ती धर्माचे बिशप.

इंग्लंडमध्ये पूर्वी ज्या गावी बिशपाचे आसन, म्हणजे कॅथीड्रल, असे, त्याच गावाला ‘शहर’ म्हणवून घेण्याचा मान मिळे. डरहॅमच्या बिशपाकडे तर १८३६ पर्यंत आपल्या मुलखापुरते राजासारखे अधिकार होते. अशा शहरांचा इतिहास त्यांच्या बिशपांच्या नामावळीवरून सांगता येतो. सुरतेत कॅथीड्रल कधीच नव्हते. तरीही हिंदुस्थानातील बिशपांच्या इतिहासाला या बंदराने जे वळण दिले, ते अनेक कॅथीड्रल-शहरांनाही देता आले नसेल. हे कसे घडले, ते पाहू.

सोळाव्या शतकात गोवा हे पूर्वेकडील ख्रिस्ती सत्तेचे केंद्र बनले. १५३४ मध्ये तेथे बिशपाचे पीठ स्थापन झाले. पोपने पोर्तुगालच्या राजाला ‘पाद्रोआदो’ नावाचा हक्क दिला होता. त्यामुळे राजाच्या संमतीवाचून पूर्वेकडे बिशप नेमता येत नसे, आणि धर्मोपदेशकाने लिस्बनहून पोर्तुगीज जहाजानेच यावे असा दंडक होता. पुढे ही मक्तेदारी रोमलाच जाचू लागली. १६२२ मध्ये पोपने धर्मप्रसारासाठी स्वतंत्र मंडळ काढले आणि एक युक्ती योजली. ख्रिस्ती अंमलाखाली न उरलेल्या एखाद्या प्राचीन पीठाच्या नावाने बिशपाची दीक्षा द्यायची, आणि त्याला आपला प्रतिनिधी म्हणून पूर्वेकडे पाठवायचे. अशा प्रतिनिधीला ‘व्हिकार अपोस्टोलिक’ म्हणत.

या योजनेचे पहिले हिंदी फळ म्हणजे मातेउश द कास्त्रो महाले. हे दिवाडी बेटावरील ब्राह्मण कुळातले. गोव्यात त्यांना पाद्री होण्याची दीक्षा मिळेना, म्हणून ते रोमला गेले, तेथे शिकले, आणि १६३७ मध्ये ‘क्रिसोपोलिसचे बिशप’ झाले. लॅटिन परंपरेतील ते पहिले हिंदी बिशप होत. परंतु गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांनी त्यांचा अधिकार मानला नाही. अखेरीस त्यांना डिचोलीस, म्हणजे आदिलशाहीच्या मुलखात, राहावे लागले. स्वधर्मीयांच्या राज्यात ज्याला जागा नव्हती, त्याला मुसलमान सुलतानाच्या राज्यात ती मिळाली. हा प्रकार अपवादात्मक नव्हता, आणि येथेच सुरतेचा संबंध येतो.

सुरत हे मोगलांचे बंदर. येथे इंग्रज, डच आणि पुढे फ्रेंच यांच्या वखारी होत्या. पारशी, आर्मेनियन, बोहरा, बनिया अशा सर्वांचे व्यापार होते. कोणत्या पाद्रीला कोणी नेमले, याची चौकशी करण्याचे मोगल सुभेदाराला कारण नव्हते. १६४०च्या सुमारास फ्रेंच कॅपुचिन पाद्री येथे स्थिरावले. १६६० मध्ये लाम्बेर द ला मोत हे ‘बेरूतचे बिशप’ मार्सेयहून निघाले, तेव्हा त्यांनी लिस्बनचा मार्ग टाळला. इराणमार्गे ते सुरतेस आले, दख्खन ओलांडून मच्छलीपट्टणला गेले आणि १६६२ मध्ये सयामला पोहोचले. त्यांच्या मागोमाग ‘हेलिओपोलिसचे बिशप’ फ्रांस्वा पाल्यू याच वाटेने गेले. गोव्याचा दरवाजा ज्यांना बंद होता, त्यांच्यासाठी सुरतेचा दरवाजा उघडा होता.

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले. तेव्हा कॅपुचिनांचे प्रमुख फादर अँब्रोझ यांच्या निवासाला महाराजांनी धक्का लावला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निये याने नमूद केले आहे. मराठी वाचकाला हा प्रसंग महाराजांच्या उदारतेचे उदाहरण म्हणून परिचित आहे, आणि ते योग्यच आहे. पण ते पाद्री गोवा सोडून सुरतेत का होते, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. त्याचे उत्तर वरील हकिकतीत आहे.

यानंतरची घटना मुंबईची आहे. १६८७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस नेले. तेथील कॅथलिक प्रजा गोव्याच्या अधिकाराखाली होती, आणि आपल्या प्रजेवर पोर्तुगीज पाद्रींचे वजन असणे कंपनीला खुपत होते. १७२० मध्ये गव्हर्नर बून याच्या कारकिर्दीत त्या पाद्रींना हद्दपार करण्यात आले. त्यांच्या जागी पाचारण झाले ते ‘मोगल साम्राज्याचे व्हिकार अपोस्टोलिक’, कार्मेलाइट पंथाचे मॉरिस यांना. त्यांचे वास्तव्य त्या वेळी सुरतेस होते! अशा रीतीने कंपनीच्या पाठोपाठ मुंबईचे कॅथलिक बिशपही सुरतेहूनच गेले. गंमत अशी की, याच बूनच्या काळात १७१८ मध्ये इंग्रजांचे स्वतःचे सेंट थॉमस चर्च मुंबईत उघडले होते, पण अँग्लिकन बिशप साऱ्या हिंदुस्थानात एकही नव्हता. ज्या प्रॉटेस्टंट कंपनीला स्वतःचा बिशप नव्हता, तिने दुसऱ्यांचा बिशप ठरविला. पहिले अँग्लिकन बिशप मिडलटन कलकत्त्यास आले ते १८१४ मध्ये. त्यांचे उत्तराधिकारी हेबर १८२५ मध्ये गुजरातेतून प्रवास करीत सुरतेस आले. वाटेत नडियाद येथे त्यांची सहजानंद स्वामींशी भेट झाली होती. मुंबईला स्वतंत्र अँग्लिकन बिशप १८३७ मध्ये मिळाला.

१७२०च्या निर्णयाचे परिणाम दीर्घकाळ टिकले. गोव्याने आपला दावा सोडला नाही, आणि १७९४ मध्ये कंपनीने मुंबईतील चर्चे दोन्ही पक्षांत वाटून दिली. एकाच गावात, एकाच धर्माच्या लोकांवर दोन अधिकाऱ्यांचा अंमल सुरू झाला. ही दुहेरी व्यवस्था १९२८ पर्यंत कोणत्या ना कोणत्या रूपाने चालली. वाद राजांचे आणि धर्मपीठांचे. पण त्यांत विभागले गेले ते कोळी, भंडारी, कुणबी कुळांतले साधे श्रद्धावान लोक. मुंबईच्या आर्चबिशपपदी व्हॅलेरियन ग्रेशस यांच्या रूपाने पहिली हिंदी व्यक्ती बसली १९५० मध्ये. कास्त्रो यांच्या दीक्षेनंतर तब्बल ३१३ वर्षांनी!

या इतिहासातून मला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. धर्मपीठाचा अधिकार स्वर्गातून आल्याचे सांगितले जात असले, तरी त्याचा पत्ता राज्यकर्ते लिहीत आले. इंग्लंडमध्येही १६४६ मध्ये संसदेने बिशपपद रद्द केले, आणि १६६० मध्ये राजाबरोबर ते परत आले. अशा जगात ज्या शहराने कोणाचाही परवाना न विचारता माणसांना वस्ती दिली, त्या शहराची थोरवी कॅथीड्रलच्या मनोऱ्याने मोजायची नसते.

आज सुरत कॅथलिकांच्या १९६६ मध्ये स्थापन झालेल्या बडोदे धर्मप्रांतात मोडते. येथे बिशपाचे आसन नाही, आणि त्याची खंत करण्याचे कारणही नाही. परमुलखातून आलेल्यांना सामावून घेणे हा या बंदराचा जुना धर्म आहे. तापीकाठी मराठी भाषेची शाळा चालू शकते, ती त्याच परंपरेच्या छायेत. विद्यार्थी मित्रांनी या शहराचा इतिहास वाचताना येथे काय लुटले गेले, याबरोबरच येथे कोणाला आसरा मिळाला, हेही विचारावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.