धामकाठचे हिप्पी

हिप्पी म्हटलं की आपल्या मध्यमवर्गीय डोळ्यांपुढे १९७१ सालचा ‘हरे राम हरे कृष्ण’ उभा राहतो : वाढलेले केस, गळ्यात माळा, खांद्याला झोळी आणि नोकरीधंद्याच्या नावानं शंख! आता हे मूळचे हिप्पी म्हातारे झाले. काही गोव्यात रमले, काही मुकाट्यानं कामाला लागले. जेरी रुबिन नावाचे त्यांचे एक अमेरिकन पुढारी तर १९८० साली चक्क वॉल स्ट्रीटवर नोकरीला गेले. आमच्या बँकवाल्यांना आनंद झाला. शेवटी सगळे आमच्याच काउंटरवर येतात!

पण मंडळी, आमच्या वर्धा जिल्ह्यानं हा प्रकार त्यांच्या कितीतरी आधी पाहिलाय. दाढी म्हणाल, तर विनोबांना होती. कपडे म्हणाल, तर हातानं कातलेल्या सुताचे. आणि पैशाचा तिटकारा म्हणाल, तर १९५० साली पवनारला त्याचा रीतसर प्रयोगच झाला. नाव ‘कांचनमुक्ती’. पैशावाचून जगायचं, आपलं आपण पिकवायचं, तेही बैल न जुंपता, कुदळ-फावड्यानं! १९३७ साली लान्झा देल व्हास्तो हे युरोपीय गृहस्थ गांधीजींकडे वर्ध्याला येऊन ‘शांतिदास’ झाले आणि १९४८ साली त्यांनी फ्रान्सात तसलाच सामुदायिक संसार थाटला. म्हणजे माल मूळचा आपला, निर्यात झालेला! फरक एवढाच, की हिप्पी उठायचे दुपारी आणि आमचे पहाटे.

१८ एप्रिल १९५१ ला तेलंगणात पोचमपल्लीला विनोबांना शंभर एकर जमीन दान मिळाली आणि भूदान सुरू झालं. पुढं हा माणूस वर्षानुवर्षं चालतच राहिला. त्याच्यामागं कितीतरी पोरापोरींनी घरदार, शिक्षण सोडलं. घरच्यांनी कपाळाला हात लावले असणार. चाळीस लाखांवर एकर जमा झाले. त्यातली बरीच जमीन खडकाळ निघाली, बरीच कागदातच अडकली आणि भूमिहीनापर्यंत पोचलीच नाही. खतावणीत ही बाजूही लिहायला हवी. १९५६ साली विनोबांनी गांधी स्मारक निधीची मदतही बंद केली. येणारी रक्कम आपणहून ‘नको’ म्हणणारा खातेदार मी काउंटरवर अजून पाहिलेला नाही.

२५ मार्च १९५९ ला पवनारला, धाम नदीच्या काठी, त्यांनी ब्रह्मविद्या मंदिर काढलं, ते मुख्यतः स्त्रियांसाठी. आपल्याकडं संन्यास हा पुरुषांचा प्रांत; बाईनं फार तर त्याचा डबा करून द्यायचा. इथं बायकांनीच ब्रह्मचर्य, अभ्यास आणि श्रम एकत्र करायचे ठरवले. स्वयंपाक, शेती, झाडलोट, ‘मैत्री’ मासिक, सगळं आपणच. वर कुणी साहेब नाही, निर्णय सर्वानुमते. आमच्या शाखेत पंखा कुठं बसवायचा यावर एकमत व्हायला दोन उन्हाळे गेले, म्हणून मला या गोष्टीचं ब्रह्मविद्येपेक्षाही नवल वाटतं.

१५ नोव्हेंबर १९८२ ला विनोबा गेले. मूळ पुरुष गेला की दुकानाला कुलूप लागतं, असा व्यवहारी जगाचा अनुभव. इथं लागलं नाही. दर नोव्हेंबरात जुनी सर्वोदयी मंडळी पवनारला जमतात, त्याला ‘मित्रमिलन’ म्हणतात. एके काळी जिल्हेच्या जिल्हे पायी तुडवलेले गुडघे आता पायरीलाही हरकत घेतात. पण झोळी तीच, खादी तीच, आणि गावानं स्वतःच्या पायावर उभं राहावं हा हट्टही तोच.

ज्या विशी-पंचविशीत आल्या, त्या बहिणींचे केस इथंच पांढरे झाले. बऱ्याच जणी आता नाहीत, आणि नव्यानं येणाऱ्या थोड्या. विनोबांनी गादीवर कुणाला बसवलं नाही. मुळात गादीच ठेवली नाही. नॉमिनीचा रकाना कोरा असलेलं खातं दिसलं, की आम्हा कारकुनांचा जीव कासावीस होतो. आम्ही ताबडतोब खातेदाराला पत्र धाडतो.

इथं पत्र कुणाला धाडायचं? विष्णुसहस्रनामाची वेळ झाली, की त्या हातातलं काम ठेवून बसतात. ते झालं, की पुन्हा विळी, खुरपं, सूत. उद्याची काळजी त्यांच्यापेक्षा मलाच जास्त. पेन्शनची तारीखही पाठ असलेला माणूस मी!