टोरोंटो : हॉटेलच्या नावाची घरे

नावाजलेल्या हॉटेलसाखळीचे नाव लावून बांधलेल्या आणि त्या हॉटेलच्या सेवा मिळणाऱ्या, पण खासगी मालकीच्या सदनिका. बहुधा एकाच मनोऱ्यात खाली हॉटेल आणि वर घरे अशी रचना असते. कॅनडातील टोरोंटो शहर हा या प्रकाराच्या अभ्यासासाठी उत्तम नमुना आहे. फेब्रुवारी २०११ ते ऑक्टोबर २०१२ या वीस महिन्यांत तिथे असे चार मनोरे उघडले : वेलिंग्टन स्ट्रीटवर रिट्झ-कार्लटन, बे स्ट्रीटवर ट्रम्प, युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यूवर शांग्री-ला आणि यॉर्कव्हिल भागात फोर सीझन्स. शहर एक, बाजार एक, ग्राहकही साधारण त्याच वर्गातला. तरी पाच वर्षांत या चौघांपैकी एकाची पाटी उतरली.

हॉटेलात कायमचे राहण्याची हौस जुनी आहे. न्यूयॉर्कमध्ये सेंट्रल पार्कच्या कोपऱ्यावरचे शेरी-नेदरलँड १९२७ मध्ये उघडले, तेव्हापासून तिथे हॉटेलच्या खोल्या आणि राहती घरे एकत्र नांदत आहेत. साखळी हॉटेलांनी हा धंदा उचलला तो बराच नंतर. फोर सीझन्सने आपल्या नावाची पहिली घरे १९८५ मध्ये बॉस्टनला विकली.

यामागचे अर्थकारण विकासकाच्या बाजूने पाहिले तर चटकन उलगडते. पंचतारांकित हॉटेल बांधायला अफाट पैसा लागतो आणि तो वसूल व्हायला कित्येक वर्षे जातात. सदनिकांचे पैसे मात्र इमारत उभी राहण्याआधीच येऊ लागतात. टोरोंटोत बँका बांधकाम कर्ज देण्यापूर्वी बहुसंख्य सदनिकांचे आगाऊ करार मागतात. वरची घरे विकून खालच्या हॉटेलचा बराचसा भार हलका करायचा, असे हे गणित आहे. हॉटेल कंपनी सहसा इमारतीत पैसा घालत नाही. ती नाव वापरण्याचा परवाना देते, विक्रीच्या रकमेतून शुल्क घेते आणि पुढे व्यवस्थापनाचे वेगळे पैसे घेत राहते. म्हणजे दारावर जिचे नाव, ती ना जमिनीची मालक असते ना भिंतींची. ग्राहकाला हे माहीत असतेच असे नाही, आणि विक्री कार्यालयातली गुळगुळीत पुस्तिका ते ठळक अक्षरांत सांगतही नाही.

चौघांत पहिले आले ते रिट्झ-कार्लटन. त्रेपन्न मजल्यांच्या या इमारतीचा आराखडा कोन पेडरसन फॉक्स या न्यूयॉर्कच्या वास्तुसंस्थेचा. खालच्या वीस मजल्यांत हॉटेल आणि त्यावर सुमारे १६० घरे. रॉय थॉमसन सभागृह जवळच आहे आणि सप्टेंबरमधल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे मुख्य केंद्रही चालण्याच्या अंतरावर, त्यामुळे त्या दिवसांत लॉबीत तारेतारकांची वर्दळ असते. उपाहारगृहात चीज मुरवण्यासाठी खास काचेची खोली आहे. ही इमारत पाहून कोणी थबकत नाही, पण तिच्यात बिघडलेलेही फारसे काही नाही. नावांच्या या दुनियेत एक गंमत अशी की माँट्रियलमध्ये १९१२ पासून याच नावाचे एक हॉटेल आहे आणि ते या साखळीच्या व्यवस्थापनाखाली नाही.

शांग्री-ला ऑगस्ट २०१२ मध्ये सुरू झाले. व्हँकूव्हरचे वास्तुविशारद जेम्स चेंग आणि तिथलीच वेस्टबँक ही विकासक कंपनी. या जोडीने आधी व्हँकूव्हरमध्ये याच नावाचा मनोरा उभारला होता. टोरोंटोचा मनोरा ६६ मजली आणि सुमारे २१४ मीटर उंच. त्यात हॉटेलच्या खोल्या दोनशेच्या आसपास आणि त्याही पहिल्या सतरा मजल्यांतच. बाकी सगळी घरे. म्हणजे हॉटेल हे इथे घरांच्या पायथ्याशी बसवलेले एक छोटे, देखणे आकर्षण आहे. दारासमोर चिनी शिल्पकार झांग ह्वान यांचे ‘रायझिंग’ हे पोलादी पक्ष्यांचे झाड आहे. त्याच भूखंडाच्या मागच्या कोपऱ्यावर १८३० च्या सुमारास बांधलेल्या चाळवजा घरांची दर्शनी बाजू सुटी करून पुन्हा बांधून काढली आहे. शहराच्या सर्वांत जुन्या बांधकामांत तिची गणना होते. रस्त्यावरून जाणाऱ्याला काही देऊ करणारी चौघांतली ही इमारत, तिच्या जोडीला फार तर फोर सीझन्स.

फोर सीझन्सचे माहेर टोरोंटोच. इसाडोर शार्प यांनी १९६१ मध्ये जार्व्हिस स्ट्रीटवर, त्या काळच्या बऱ्यापैकी बकाल वस्तीत, या नावाचे पहिले मोटर हॉटेल काढले. कंपनीचे मुख्यालय आजही याच शहरात आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये यॉर्कव्हिलला उघडलेल्या नव्या संकुलात दोन मनोरे आहेत. ५५ मजली मनोऱ्यात खाली हॉटेल आणि वर घरे, २६ मजली मनोऱ्यात फक्त घरे. वास्तुरचना पीटर क्लूज यांच्या संस्थेची, अंतर्सजावट याबू पुशेलबर्ग यांची, बाग क्लोद कॉर्मिए यांची. शेजारी एकोणिसाव्या शतकातले विटांचे अग्निशमन केंद्र तसेच ठेवले आहे. या संकुलातले सर्वांत वरचे, नऊ हजारांहून अधिक चौरस फुटांचे पेंटहाउस २०११ मध्ये २ कोटी ८० लाख कॅनडियन डॉलरना विकले गेले. कॅनडातील सदनिकेसाठी तोवरचा हा उच्चांक होता.

उरले ट्रम्प. बे स्ट्रीट आणि ॲडलेड स्ट्रीटच्या नाक्यावरचा, शहराच्या सराफकट्ट्यातच म्हणावा असा, ६५ मजली आणि सुमारे २७७ मीटर उंचीचा हा मनोरा चौघांत सर्वांत उंच. २००१ च्या मूळ योजनेत हॉटेल चालवायला रिट्झ-कार्लटन येणार होते. ते बाहेर पडले आणि पुढे आपल्या वेगळ्या जागेवर गेले. मनोरा बांधला टॅलन इंटरनॅशनल या विकासक कंपनीने. डोनाल्ड ट्रम्प यांच्या कंपनीकडे नावाचा परवाना आणि हॉटेलचे व्यवस्थापन होते, मालकी नव्हे. जानेवारी २०१२ मध्ये हॉटेल उघडले.

इथे एक फरक नीट ध्यानात घ्यायला हवा. इतर तीन ठिकाणी विकली गेली ती राहण्याची घरे. ट्रम्प मनोऱ्यात वरच्या मजल्यांवर तशी घरे होतीच, पण खालच्या हॉटेलच्या खोल्याही एकेक करून गुंतवणूकदारांना विकल्या होत्या. खोलीचा मालक तुम्ही. ती पाहुण्यांना देणार हॉटेल. भाड्यातून खर्च वजा जाता उरेल तो वाटा तुमचा. याला ‘कॉन्डो हॉटेल’ म्हणतात. टोरोंटोत हा प्रयोग आधी वन किंग वेस्टमध्ये झाला होता. १९१४ च्या डोमिनियन बँकेच्या इमारतीवर उभ्या केलेल्या त्या सडपातळ मनोऱ्याचे विकासक हॅरी स्टिन्सन यांचे आपल्या भांडवलदार भागीदाराशी फाटले आणि २००७ मध्ये प्रकरण कोर्टात गेले. हॉटेल मात्र टिकून आहे.

ट्रम्प मनोऱ्यात खोल्या घेणारे बरेचसे लोक धनाढ्य नव्हते. नोकरदार, मध्यमवर्गीय माणसांनी कर्ज काढून खोल्या घेतल्या होत्या. विक्रीच्या वेळी त्यांना अंदाजे उत्पन्नाची पत्रके दाखवली गेली. त्यांतल्या वाईटातल्या वाईट अंदाजातही गुंतवणूक परवडणारी दिसत होती. प्रत्यक्षात खोल्या पत्रकांतल्या आकड्यांच्या जवळपासही भरल्या नाहीत. त्यातच देखभाल, कर आणि कर्जाचा हप्ता दर महिन्याला दारात उभा. मालक खिशातून पैसे घालू लागले, काहींनी खरेदी पूर्ण करायलाच नकार दिला आणि खटले सुरू झाले. ऑन्टॅरिओच्या अपील न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दाव्यातील दोन खरेदीदारांच्या बाजूने कौल दिला. विकासक कंपनीची उत्पन्नाची पत्रके दिशाभूल करणारी होती, असे न्यायालयाने म्हटले. ट्रम्प यांच्याविरुद्धचे काही दावेही पुढे चालवण्याची मुभा मिळाली.

त्याच सुमारास विकासकाचे सुमारे ३० कोटी डॉलरचे थकलेले कर्ज जेसीएफ कॅपिटल या कंपनीने विकत घेतले आणि मनोऱ्यावर न्यायालयीन ताबेदार (रिसीव्हर) नेमला गेला. २०१७ मध्ये नव्या मालकाने पैसे मोजून ट्रम्प कंपनीशी असलेला करार संपवला आणि जुलैमध्ये पाटी उतरली. मधल्या काळात इमारत ‘ॲडलेड हॉटेल’ या बेताच्या नावाने चालली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथे सेंट रेजिस आले. सेंट रेजिस मॅरियट समूहाचे, आणि रिट्झ-कार्लटनही त्याच समूहाचे. एक मॅरियट नाव ज्या मनोऱ्याच्या योजनेतून बाहेर पडले, तिथे दुसरे येऊन बसले. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांचा पत्ता तोच राहिला, पण दारावरचे नाव मात्र त्यांना कोणी न विचारताच बदलले.

म्हणून या घरांची तुलना संगमरवर, स्पा आणि तरणतलाव मोजून करण्यात अर्थ नाही. तपासायचे ते नाव वापरण्याच्या कराराची मुदत, तो मोडण्याचा हक्क कोणाला, आणि हॉटेलचा मालक कोण. त्याखालोखाल सामायिक खर्चाचा करार. लिफ्ट, बॉयलर, तलाव, वाहनतळ यांचा खर्च हॉटेल आणि घरमालक यांच्यात कोणत्या प्रमाणात वाटायचा हे त्यात ठरलेले असते, आणि भांडणे होतात ती बहुतेक तिथेच. दारवान, गाडी लावून देणारा सेवक, कन्सिअर्ज यांचे पैसे मेंटेनन्समध्येच येतात, मग तुम्ही वर्षातले दहा महिने परदेशात असलात तरी. झाडलोट, धुलाई आणि खोलीवर जेवण यांचे बिल वापराप्रमाणे वेगळे. मेंटेनन्स दर चौरस फुटाला आकारला जातो, त्यामुळे मोठ्या घरांत महिन्याचा आकडा टोरोंटोतल्या एखाद्या साध्या फ्लॅटच्या भाड्याहून मोठा होतो.

कायद्याचे संरक्षण बऱ्यापैकी आहे. ऑन्टॅरिओत कॉन्डोमिनियमचा, म्हणजे सदनिकांच्या मालकीचा, पहिला कायदा १९६७ चा आणि सध्याचा १९९८ चा. प्रत्येक इमारतीची स्वतंत्र नोंदणीकृत संस्था असते. तिला मोठ्या दुरुस्त्यांसाठी राखीव निधी ठेवावाच लागतो. विकासकाकडून नवे घर घेणाऱ्याला दहा दिवसांत करार रद्द करता येतो. जुने घर घेताना संस्थेकडून ‘स्टेटस सर्टिफिकेट’ मागवतात. संस्थेवर चालू असलेले खटले, निधीची स्थिती आणि थकबाकी त्यात दिसते. आपल्याकडे सोसायटीचे ना-हरकत पत्र घेतात, पण त्याहून हा कागद पुष्कळ बोलका.

महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. वरळीत फोर सीझन्सच्या हॉटेलशेजारी त्याच नावाची घरे आहेत. पुण्यात कल्याणीनगरला पंचशील समूहाने ट्रम्प यांच्या नावाचे दोन २३ मजली मनोरे बांधले आणि वरळीत लोढा समूहाने त्याच नावाचा सत्तरहून अधिक मजल्यांचा मनोरा. या दोन्ही ट्रम्प प्रकल्पांत हॉटेल मुळातच नाही, फक्त नाव आहे. टोरोंटोच्या तुलनेत हा सौदा सरळ म्हणायला हवा, कारण खोली भाड्याने जाण्याची स्वप्ने इथे कोणी विकली नाहीत. पण खाली हॉटेल नसल्यामुळे त्या नावामागे रोजची सेवा किती, हा प्रश्न मात्र उरतोच.

टोरोंटोत २०१२ नंतरही ही लाट ओसरली नाही. बिशा २०१७ मध्ये आले. नोबू या जपानी धाटणीच्या उपाहारगृहांच्या साखळीच्या नावाचे जुळे मनोरे उभे राहिले. २०१० मध्ये उघडलेल्या थॉम्पसन हॉटेलची पाटी २०२१ मध्ये ‘वन हॉटेल’ झाली. ब्लूर आणि यंग स्ट्रीटच्या नाक्यावरचा ‘द वन’ हा ऐंशीहून अधिक मजल्यांचा नियोजित मनोरा ऑक्टोबर २०२३ मध्ये, बांधकाम अर्धवट असतानाच, ताबेदाराच्या हाती गेला. त्याच्या योजनेत हयातचे हॉटेल होते.

राहण्यासाठी घर हवे असेल तर चौघांत फोर सीझन्स उजवे ठरते. पाहुणे म्हणून उतरायला शांग्री-ला. गुंतवणूक म्हणून हॉटेलची खोली कुठेच नको. महाराष्ट्रातून खरेदीचा विचार करणाऱ्यांपुढे तर आधीच अडचणींची रांग आहे. भारतातून माणशी वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलरच बाहेर नेता येतात. ऑन्टॅरिओ परदेशी खरेदीदाराकडून किमतीच्या २५ टक्के जादा कर घेते. टोरोंटो महापालिकेने जानेवारी २०२४ पासून ३० लाख डॉलरवरील घरांचा हस्तांतरण कर वाढवला आहे. आणि कॅनडाचे नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेल्यांना, मोजके अपवाद वगळता, या शहरात घर विकत घेण्यासच १ जानेवारी २०२३ पासून बंदी असून तिची मुदत १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवण्यात आली.