दमट हवा आणि बिलियर्ड्सचा क्यू

बिलियर्ड्सच्या साहित्याचा इतिहास बव्हंशी ओलीविरुद्धच्या झुंजीचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत टेबलाचा पृष्ठभाग लाकडी फळ्यांचा असे आणि हवेतील दमटपणानुसार त्या फळ्या फुगत, आकसत व वाकत असल्यामुळे चेंडूची वाट ऋतूगणिक बदलत असे. लंडनचे टेबलनिर्माते जॉन थर्स्टन यांनी १८२६च्या सुमारास फळ्यांच्या जागी स्लेट, म्हणजे पाटीचा दगड, वापरायला सुरुवात केली आणि टेबल कायमचे सपाट झाले. हस्तिदंती चेंडूही हवेतील ओलीमुळे गोलाई सोडत. त्यांची जागा जॉन वेस्ली हायट यांनी १८७०च्या आसपास प्रचारात आणलेल्या सेल्युलॉइडने आणि पुढे इतर कृत्रिम पदार्थांनी घेतली. अशा रीतीने टेबल आणि चेंडू या दोन्हींनी ओलीपासून सुटका करून घेतली. परंतु चेंडूला आघात देणारी निमुळती काठी, म्हणजे क्यू, आजही प्रामुख्याने लाकडाचीच असून, तिच्या रक्षणाचा भार टेबल आणि चेंडू यांच्याप्रमाणे नव्या पदार्थावर न पडता माणसाच्या सवयीवर आणि ती ज्या खोलीत राहते त्या खोलीवर पडला.

लाकूड हा जलशोषक पदार्थ आहे. भोवतालच्या हवेशी त्याची देवघेव सतत चालू असते आणि पुरेसा काळ गेल्यावर त्यातील पाण्याचे प्रमाण हवेच्या सापेक्ष आर्द्रतेशी जुळते. या जुळलेल्या प्रमाणाला समतोल आर्द्रता म्हणतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असताना लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ६ टक्के पाणी राहते, ५० टक्क्यांना सुमारे ९, तर ८५ टक्क्यांना १७-१८ टक्क्यांपर्यंत पोचते. या पाण्याबरोबर लाकूड सर्व दिशांनी सारखे फुगत नाही. वार्षिक वलयांना समांतर अशा दिशेने ते सर्वाधिक, वलयांना छेदणाऱ्या दिशेने त्याच्या साधारण निम्मे, आणि तंतूंच्या लांबीच्या दिशेने अत्यल्प बदलते. लांबीतील हा बदल नगण्य वाटला, तरी क्यूचे सारे दुखणे त्यातच आहे. १४७ सेंटिमीटर लांब व सरासरी २ सेंटिमीटर जाड अशा काठीची एक बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा जेमतेम दीड दशांश मिलिमीटरने लांब झाली, तर तिच्या मध्यभागी एक मिलिमीटरहून अधिक बाक येतो; आणि भिंतीला टेकवलेल्या क्यूची एक बाजू ओल धरणाऱ्या भिंतीकडे व दुसरी खोलीच्या कोरड्या हवेकडे असली, की असा फरक पडायला वाव मिळतो. तिरके टेकवलेल्या काठीवर तिच्या स्वतःच्या वजनाचा ताणही सतत राहतो आणि ओलसर लाकूड अशा ताणाला लवकर वश होते.

हे जाणूनच क्यू घडविणाऱ्या कारागिरांनी लाकडाची निवड केली. इंग्लिश बिलियर्ड्स आणि स्नूकर या खेळांत क्यूच्या पुढच्या भागासाठी, म्हणजे दांड्यासाठी, अ‍ॅश आणि मेपल ही दोन लाकडे रूढ झाली आणि मुठीच्या भागात वजनासाठी अबनुसासारख्या जड, काळ्या लाकडाची जोड देण्याची पद्धत पडली. लाकूड दीर्घकाळ मुरवून मगच ते तासावे आणि त्याचे तंतू टोकापासून मुठीपर्यंत सरळ धावणारे असावेत, हा या धंद्याचा पायाभूत नियम होय. कारण तंतू तिरके गेले की आडव्या दिशेचे मोठे फुगणे काही अंशी लांबीत उतरते आणि काठी वाकते. यावर जाड व्हार्निशचा लेप हा उपाय सुचण्याजोगा होता. पण दांडा खेळाडूच्या बोटांवरून अडथळ्याविना सरकला पाहिजे आणि घामट हाताला व्हार्निश चिकटते. म्हणून दांड्याला जवसाचे तेल चोळून मुरवण्याची पद्धत टिकली, जिच्यामुळे लाकूड गुळगुळीत राहते आणि ओलीचा शिरकाव मंदावतो. तो थांबत मात्र नाही. उरलेले काम पेटीने करावे अशी योजना होती. काळ्या रोगणाच्या, पत्र्याच्या लांब नळ्या ब्रिटिश क्लबांत सर्वत्र दिसत आणि सभासदाचा खासगी क्यू अशा कुलूपबंद नळीत राहत असे.

भारतात या प्रश्नाला वेगळी धार आली. स्नूकर या खेळाचा जन्म १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला असे मानले जाते. डेव्हनशर रेजिमेंटमधील तरुण अधिकारी नेव्हिल चेंबरलेन (पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले त्याच नावाचे गृहस्थ वेगळे) याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवून तो खेळ रचला आणि पुढे उटकमंडच्या क्लबात त्याचे नियम रूढ झाले. हा खेळ रचला गेला तो काळ पावसाळ्याचा होता. मैदानी खेळ बंद पडले की अधिकारी टेबलाकडे वळत. म्हणजे ज्या ऋतूत क्यू सर्वाधिक वापरात येई, नेमक्या त्याच ऋतूत त्याला सर्वाधिक ओल सोसावी लागे. इंग्लंडच्या हवेसाठी घडविलेल्या काठ्यांची परीक्षा इथे दरवर्षी होत असे.

महाराष्ट्रात या परीक्षेची दोन रूपे दिसतात. मुंबईची हवा समुद्रामुळे बाराही महिने दमट असून जुलैत सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास राहते. पुण्यात पावसाळा तितकाच सादळलेला असला, तरी एप्रिलच्या दुपारी हीच आर्द्रता २५ टक्क्यांच्याही खाली उतरते. म्हणून वर्षभरातील फरकाचा विचार केला, तर लाकडाला पुणे अधिक जाचक ठरते. क्यूच्या टोकाशी बसविलेल्या पितळी टोपणावर, ज्याला फेरूल म्हणतात, हा जाच उघड दिसतो. पावसाळ्यात लाकूड फुगते, पितळ फुगत नाही. कोंडलेले तंतू आतल्या आत दबतात आणि उन्हाळ्यात आकसताना ते पूर्वीपेक्षाही बारीक होतात, तेव्हा घट्ट बसलेले टोपण हलू लागते. टोपणावर सरसाने चिकटविलेली चामड्याची टिप दमट हवेत मऊ पडून पसरते आणि सरसाची पकडही सुटते. तरीही याच हवेच्या प्रदेशाने विजेते दिले. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकाता येथे जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले व १९६४ मध्ये त्यांनी ते पद पुन्हा मिळवले. मुंबईचे मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये तोच मान पटकावला. ही परंपरा ज्या क्लबांत वाढली, तिथे गुण मोजण्यापासून कापड झाडण्या-पुसण्यापर्यंत आणि टिप बदलण्यापर्यंतची कामे पाहणारा मार्कर नावाचा सेवक असे. विजेत्यांच्या यादीत त्याचे नाव येत नाही, पण या खेळाच्या इतिहासात त्याला स्थान देणे न्यायाचे आहे.

टेबल घरात आले तेव्हा मार्कर मागे राहिला आणि त्याचे ज्ञानही पुष्कळसे हरपले. आज घरच्या खेळखोलीत वातानुकूलन यंत्र असते, परंतु ते खेळापुरते चालवून बंद केले की खोलीतील आर्द्रता दिवसातून एक-दोनदा चढते-उतरते, आणि हे चढउतार रोज घडत राहिल्यास फेरूल व जोड यांना ते सोसत नाहीत. क्यूला अतिकोरडी हवा नको असते, स्थिर हवा हवी असते. ४५ ते ५५ टक्क्यांची मर्यादा त्यासाठी योग्य ठरते आणि ती राखण्यासाठी साधा आर्द्रतामापक व आर्द्रताशोषक यंत्र पुरते. खेळ संपल्यावर दांडा कोरड्या कापडाने पुसावा, घाम सुकल्यावरच क्यू पेटीत ठेवावा, कारण बंद पेटी बाहेरची ओल जशी अडवते तशी आतलीही कोंडून ठेवते. क्यू उभ्या मांडणीत सरळ ठेवावा आणि ती मांडणी पावसाचा मारा झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर कधीही नसावी. काठी सरळ आहे की नाही, हे स्लेटच्या सपाटीवर ती लोळवून पाहिल्यास कळते, आणि ही तपासणी पावसाळ्याच्या आरंभी व अखेरीस अशी वर्षातून दोनदा अवश्य करावी. चांगल्या क्यूसाठी हजारो रुपये मोजणाऱ्याने त्यातला थोडासा भाग आधी खोलीवर खर्च करावा, हाच दोनशे वर्षांच्या या अनुभवाचा निष्कर्ष आहे.